पोलीस बिनतारी संदेश : गुप्तता आणि लोकाधिकार

१

संदेश कोणी पाठवावा हा प्रश्न जितका जुना, तितकाच तो कोणी वाचावा किंवा ऐकावा हाही प्रश्न जुना आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जो अनर्थ झाला त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना प्रथम सरकारी अखबारातून कळली नाही. उत्तरेकडून दक्षिणेस निघालेल्या एका सावकारी कासिदाजवळचे पत्र भेलशाच्या मुक्कामी उघडण्यात आले आणि त्यातील मोती, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक हिशेबावरून विश्वासराव व सदाशिवरावभाऊ गेल्याचे पेशव्यांना उमगले, असे परंपरेने सांगितले जाते. या एका प्रसंगात संदेशवहनाच्या इतिहासातील तिन्ही अंगे एकवटली आहेत. खाजगी व्यक्ती आपला मजकूर संकेताने झाकते, सत्ता तो वाटेत अडवून वाचते आणि पुढे इतिहासाला ज्ञात होतो तो त्या अडवलेल्या मजकुराचाच अर्थ.

विसाव्या शतकात कासिदाची जागा विद्युत्‌चुंबकीय लहरींनी घेतली. कासीद एका वाटेने जातो. लहर मात्र चहूकडे पसरते आणि योग्य ग्राहकयंत्र ज्याच्यापाशी असेल त्या प्रत्येकाला सापडते. त्यामुळे पोलिसांनी बिनतारी यंत्र हाती घेतल्या दिवसापासून एक नवाच पेच उत्पन्न झाला. चोराच्या मागावर निघालेल्या गाडीला दिलेला हुकूम चोरालाही ऐकू येण्याचा संभव होता आणि पोलीस आपले कर्तव्य कसे बजावतात हे ऐकण्याची संधी सामान्य नागरिकालाही होती. पाश्चात्त्य देशांत अलीकडे या पेचाची चर्चा पोलीस संदेशांच्या कूटलेखनाच्या संदर्भात होत आहे. पूर्वी उघडे असलेले संभाषण यंत्राने बंद केले, अशी तेथील तक्रार आहे. महाराष्ट्रातील, किंबहुना भारतातील, इतिहासाचा क्रम याहून निराळा आहे. येथे लोकांचा कान यंत्राने बंद होण्याच्या कितीतरी आधी कायद्याने बंद झाला होता. या भेदातून कोणते परिणाम निष्पन्न झाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

भारतीय तारायंत्र अधिनियम १८८५ साली झाला. तारायंत्रे उभारण्याचा, राखण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार त्याच्या चौथ्या कलमाने सरकारकडे राखून ठेवला. पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या अथवा सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश अडविण्याची मुभा सरकारला दिली. संदेशातील मजकूर बेकायदेशीरपणे जाणून घेण्याचा प्रयत्न करणाऱ्यास चोविसाव्या कलमाने शिक्षा ठरविली. सरकारला ऐकण्याचा अधिकार आणि इतरांना ऐकण्याची मनाई, ही जोडी त्या वेळीच सिद्ध झाली. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने या भिंतीवर आणखी एक थर चढविला.

बिनतारी ग्राहकयंत्राला खास कायद्याने बांधले ते १९३३ साली. या कायद्याचे तात्कालिक कारण पोलिसी नव्हते, आर्थिक होते. जुलै १९२७ मध्ये मुंबई येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने ध्वनिक्षेपण सुरू केले. कंपनीचे उत्पन्न मुख्यतः परवाना शुल्कावर अवलंबून होते, आणि परवान्यावाचून ऐकणाऱ्यांची संख्या मोठी होती. १९३० साली कंपनी बुडाली व ध्वनिक्षेपण सरकारने आपल्या हाती घेतले. चुकार श्रोत्यांना आळा घालण्यासाठी भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम संमत झाला व तो १ जानेवारी १९३४ पासून अंमलात आला. परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच त्या दिवसापासून गुन्हा ठरला. पहिल्या अपराधास शंभर रुपयांपर्यंत व पुढील अपराधास अडीचशे रुपयांपर्यंत दंड होता. १९४९ साली दुरुस्ती होऊन प्रक्षेपक यंत्र बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करण्यात आली.

महसुलासाठी केलेल्या या कायद्याचा दूरगामी परिणाम त्याच्या कर्त्यांच्या ध्यानात कितपत होता हे सांगता येत नाही. परंतु परिणाम झाला खरा. घरोघरच्या श्रोत्यास मिळणारा परवाना ध्वनिक्षेपण ऐकण्यापुरता होता. आकाशात पसरलेल्या इतर लहरी, पोलिसांच्या, लष्कराच्या, जहाजांच्या, त्याच्या परवान्याबाहेर राहिल्या. सामान्य श्रोत्यांसाठीचे हे परवाने १९८० च्या दशकात रद्द झाले. तोपर्यंत ‘रेडिओ म्हणजे आकाशवाणी’ हे समीकरण समाजाच्या अंगवळणी पूर्णपणे पडले होते.

३

अमेरिकेचा अनुभव याच्या उलट होता. १९२८ साली डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना बिनतारी हुकूम देण्यास प्रारंभ केला. गाड्यांना तो फक्त ऐकता येई. उलट बोलण्याची सोय नव्हती. दुहेरी संभाषण न्यू जर्सीतील बेयॉन येथे १९३३ साली सुरू झाले. हे संदेश नेहमीच्या ध्वनिक्षेपणाच्या लहरींलगतच्या पट्ट्यात असत. त्यामुळे १९३० च्या दशकातील पुष्कळशा घरगुती यंत्रांवर पोलिसांचा पट्टा स्वतंत्रपणे दाखविलेला असे. १९३४ च्या संदेशवहन कायद्याने ऐकलेल्या मजकुराचा स्वार्थासाठी उपयोग करणे निषिद्ध ठरविले, तथापि नुसते ऐकणे समाजात रूढ होऊन बसले. पुढे अनेक लहरी एकामागून एक आपोआप चाचपणारे स्कॅनर नावाचे यंत्र आले आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत ते दिवसरात्र चालू राहू लागले. आगीची, अपघाताची किंवा गोळीबाराची बातमी वार्ताहरास प्रथम तेथून कळे.

म्हणूनच तेथे जेव्हा कूटलेखन आले तेव्हा काहीतरी हिरावून घेतल्याची भावना उत्पन्न झाली. डेन्व्हर शहराने २०१९ साली आपले संदेश बंद केले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून तोच मार्ग धरला. शिकागोने २०२२ मध्ये कूटलेखनाबरोबरच अर्ध्या तासाच्या विलंबाने संभाषण ऐकविण्याची तडजोड केली. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो या गावाने २०२१ च्या आरंभी संदेश बंद केले व २०२२ मध्ये ते पुन्हा खुले केले. यावरून एवढे स्पष्ट होते की, हा प्रश्न यंत्रशास्त्राने निकालात काढलेला नाही. तो अद्यापि नागरी धोरणाचा प्रश्न आहे.

४

भारतात सरकारी कान किती तीक्ष्ण होता याचे उत्तम उदाहरण मुंबईतच सापडते. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ साली हौशी बिनतारी चालकांचे परवाने स्थगित करण्यात आले. अशा स्थितीत २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी प्रभृती तरुणांनी तो चालविला आणि राममनोहर लोहिया यांचे त्यास साहाय्य होते. पकडले जाऊ नये म्हणून प्रक्षेपकाची जागा पुनःपुन्हा बदलण्यात येई. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून ही मंडळी पकडली, आणि खटल्यात उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणाची एक बाजू इतिहाससंशोधकास विशेष उद्बोधक वाटावी अशी आहे. काँग्रेस रेडिओचे क्षेपण सरकारी यंत्रणा रोज ऐकत होती व शब्दशः उतरवून घेत होती. ज्यांनी ते बंद पाडले त्यांनीच ते जतन केले. पुढे ही टिपणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या आवाजाचा आज अभ्यास करता येतो तो मुख्यतः या पोलिसी दप्तरामुळे. ऐकणाऱ्याचा हेतू काहीही असो, नोंद राहिली तर ती हेतूच्या पलीकडे जाते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, केंद्रीय गृह खात्यात बिनतारी निरीक्षणालय स्थापन झाले व १९५० मध्ये त्यास पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय हे नाव मिळाले. राज्यांच्या यंत्रणांत एकसूत्रता आणणे आणि प्रशिक्षण देणे ही त्याची कामे होती. महाराष्ट्रात पोलीस बिनतारी संदेश विभागाचे मुख्यालय पुण्यास आहे. आरंभीच्या काळी लांब पल्ल्याचे संदेश उच्च वारंवारतेच्या लहरींवर मोर्सच्या कडकट्टाने जात. गोपनीय मजकूर संकेतलिपीत बसवून मगच पाठविला जाई. शहरांतील गस्तीच्या गाड्यांशी मात्र अतिउच्च वारंवारतेवर साध्या बोलीत संभाषण होई. हे बोलणे उघडेच होते. त्याला झाकण नव्हते, कुंपण होते ते कायद्याचे.

५

कायद्याचे हे कुंपण किती महत्त्वाचे आणि किती अपुरे होते याची प्रचीती दोन प्रसंगांत आली.

पहिला प्रसंग जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलीचा. नियंत्रण कक्ष व फिरत्या गाड्या यांच्यामधील संभाषणाची ध्वनिमुद्रणे या काळात पत्रकारांच्या हाती आली आणि त्यांतील उतारे प्रसिद्ध झाले. काही पोलिसांच्या तोंडची भाषा पाहता, संकटात सापडलेल्या नागरिकांविषयी त्यांच्या मनात भेदभाव होता की काय, असा प्रश्न उभा राहिला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगापुढेही हा विषय आला. हा आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला गेला, १९९६ च्या आरंभी तो राज्य सरकारने बरखास्त केला, त्याच वर्षी पुन्हा चालू केला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. साक्षीदाराची स्मृती पुसट होते, अधिकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र विचारपूर्वक लिहिलेले असते. त्या त्या क्षणी यंत्रात बोललेला शब्द मात्र या दोहोंपेक्षा निराळ्या कोटीचा पुरावा होय. पण तो शब्द लोकांपर्यंत पोहोचला तो कोणत्याही अधिकाराने नव्हे, योगायोगाने व धाडसाने.

दुसरा प्रसंग २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचा. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी मारले गेले. त्याच गाडीत जखमी अवस्थेत पडलेले पोलीस शिपाई अरुण जाधव बचावले, आणि घडलेल्या प्रकाराची माहिती त्यांनी बिनतारी यंत्रावरून नियंत्रण कक्षास दिली. आपल्या पतीच्या मृत्यूपूर्वी व मृत्यूनंतर नियंत्रण कक्षात काय बोलले गेले, मदत मागितली गेली ती केव्हा, आणि ती पोहोचण्यास वेळ का लागला, हे जाणून घेण्यासाठी विनीता कामटे यांनी २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली बिनतारी संभाषणाच्या नोंदी मागितल्या. त्या मिळविण्यास त्यांना चिकाटीने पाठपुरावा करावा लागला. या नोंदींच्या आधारे त्यांनी विनीता देशमुख यांच्यासह लिहिलेले ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले. त्या रात्री नियंत्रण कक्षाची धुरा सांभाळणारे राकेश मारिया यांनी त्यातील आक्षेप अमान्य केले. राम प्रधान समितीचा अहवालही त्याच वर्षी शासनास सादर झाला होता.

वादात कोणाची बाजू बरोबर होती हा येथे विषय नाही. महत्त्वाची गोष्ट ही की, वाद भावनेच्या पातळीवरून घड्याळाच्या पातळीवर आला. अमुक वाजून अमुक मिनिटांनी अमुक संदेश आला, ही नोंद दोन्ही पक्षांपुढे ठेवता आली. पतीच्या मृत्यूची हकीकत जाणून घेण्याचा एका पत्नीचा हक्क आणि राज्याच्या कारभाराची तपासणी करण्याचा नागरिकाचा हक्क येथे एकाच कागदावर आले. भारतात पोलिसांच्या बिनतारी संभाषणापर्यंत जनता पोहोचू शकते ती या वाटेने, प्रसंग संपल्यानंतर, नोंदीच्या रूपाने.

६

याच रात्रीने गुप्ततेच्या बाजूचाही भक्कम पुरावा पुढे ठेवला आहे. हल्लेखोरांचे सूत्रधार सीमेपलीकडे दूरचित्रवाणीवरील थेट चित्रण पाहून त्यांना सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या थेट चित्रणावर कठोर शब्दांत टीका केली. जे चित्राविषयी खरे ते संभाषणाविषयीही खरे आहे. कारवाई चालू असता पोलिसांची जागा, संख्या व बेत शत्रूला कळणे म्हणजे पोलिसांचा व ओलिसांचा जीव धोक्यात घालणे होय. शिवाय बिनतारीवर पीडित स्त्रीचे नाव, लहान मुलाचा पत्ता, रुग्णाची अवस्था अशी माहितीही उच्चारली जाते. ती गावभर होणे कोणत्याही दृष्टीने इष्ट नाही.

या गरजेतून अंकीय यंत्रणा आल्या. यांत आवाजाचे रूपांतर अंकांत होते, ते अंक एका गुप्त किल्लीच्या साहाय्याने विस्कटले जातात, आणि तीच किल्ली ज्याच्यापाशी आहे त्यालाच ते पुन्हा जुळविता येतात. युरोपात १९९० च्या दशकात तयार झालेली टेट्रा ही प्रणाली अनेक देशांतील पोलिसांनी स्वीकारली. दिल्ली पोलिसांनीही ती वापरली. तिच्या कूटलेखनाची कृती दीर्घकाळ गुप्त ठेवण्यात आली होती. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ती उलगडली, तेव्हा असे आढळले की तिच्यापैकी एका प्रकारात ८० अंशांची किल्ली प्रत्यक्षात ३२ अंशांइतकीच दुबळी केलेली होती. त्यानंतर प्रमाणसंस्थेने या कृती प्रसिद्ध करण्याचा निर्णय घेतला. यातून निघणारा निष्कर्ष विचारार्ह आहे. किल्ली गुप्त असावी, कुलपाची रचना मात्र परीक्षणास खुली असावी. रचनाच लपविली की तिच्यातील उणीव ज्यांना कळू नये त्यांना कळते आणि ज्यांना कळावी त्यांना कळत नाही.

कायद्याच्या क्षेत्रातही या काळात विचार पुढे सरकला. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे सांगितले. डिसेंबर १९९६ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणी सरकारच्या कानाला कार्यपद्धतीची मर्यादा घातली. डिसेंबर २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात १८८५ व १९३३ चे दोन्ही कायदे निरसित करण्याची तरतूद आहे व त्याची काही कलमे जून २०२४ पासून अंमलात आली. त्याच्या बेचाळिसाव्या कलमान्वये संदेश बेकायदेशीरपणे अडविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लहर सार्वजनिक, पण तिच्यावरून जाणारा संदेश बंद, अशी ही स्थिती आहे. शंभर रुपयांपासून दोन कोटींपर्यंतचा हा प्रवास गुप्ततेचे मोल कसे वाढत गेले ते सांगतो. नोंदीचे मोल मात्र त्या प्रमाणात वाढलेले दिसत नाही.

७

हा प्रश्न केवळ महानगरांचा आहे असे मानणे चूक ठरेल. भंडारा जिल्ह्यातील शहापूर हे गाव नागपूर-भंडारा महामार्गावर, जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीच्या परिसरात वसलेले आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी या कारखान्यात स्फोट झाला व आठ कामगारांचा बळी गेल्याचे जाहीर झाले. अशा ठिकाणी गुप्ततेची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. संरक्षण उत्पादनाच्या आवारातील संभाषण वाऱ्यावर सोडता येत नाही. परंतु धमाका ऐकून रस्त्यावर आलेल्या माणसाला, आपला भाऊ वा मुलगा कोणत्या पाळीत होता हे आठवणाऱ्या घराला, काय घडले हे कळण्याची निकडही तितकीच खरी असते.

याच जिल्ह्याने ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा महापूर अनुभवला. वरच्या अंगास, मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात, संजय सरोवर आहे. तेथून सोडलेल्या पाण्याने पूर वाढला आणि दोन राज्यांमधील पूर्वसूचनेच्या देवाणघेवाणीविषयी त्या वेळी चर्चा झाली. धरणातून किती पाणी सोडले व ते किती तासांनी कोणत्या गावाशी येईल, हा संदेश प्रथम सरकारी यंत्रणांमध्येच फिरतो. त्यात चोरापासून लपविण्यासारखे काही नसते; तो जितक्या लौकर व जितक्या दूर पोहोचेल तितका उपयोगी. मात्र सरकारी संदेश म्हटला की तो गोपनीयच, ही १८८५ पासूनची सवय असे दोन भिन्न प्रकारचे संदेश एकाच थैलीत घालते. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातील गस्तीचा संदेश आणि वैनगंगेच्या पुराचा संदेश यांना एकच नियम लावणे हे प्रशासनाच्या सोयीचे असेल, विवेकाचे नव्हे.

दरम्यान संदेशाचे स्वरूपही पालटत आहे. ११२ या क्रमांकावर आलेली हाक आता गाडीतील पडद्यावर अक्षरांत उमटते. ऐकण्यासारखे फारसे उरतच नाही. उरते ती विदागारातील ओळ. अशा वेळी स्कॅनरचा वाद काळाच्या मागे पडतो व अभिलेखाचा वाद पुढे येतो.

८

येथवरच्या विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. भारतात पोलीस संभाषण ऐकण्याचा लोकाधिकार कधी अस्तित्वातच नव्हता. तेव्हा कूटलेखनाने तो नष्ट केला असे म्हणता येत नाही. येथे जे मिळाले ते उत्तरकालीन अधिकाराने मिळाले, चौकशी आयोगातून व माहिती अधिकारातून. कारवाई चालू असताना पडदा असावा, हे तर्काने व अनुभवाने सिद्ध आहे. परंतु हा पडदा काळाने मर्यादित असला पाहिजे. माहिती अधिकार अधिनियमाच्या आठव्या कलमातील अपवाद तपासाला किंवा व्यक्तीच्या जिवाला बाधा येण्याशी निगडित आहेत. बाधा संपली की अपवादाचे कारणही संपते. आणि देण्यासाठी नोंद मुळात शिल्लक असली पाहिजे. १९९३ चा केंद्रीय सार्वजनिक अभिलेख अधिनियम व २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम यांचा खरा कस येथे लागतो. नियंत्रण कक्षातील ध्वनिमुद्रण किती काळ ठेवावे, कोणाच्या आज्ञेने पुसावे, आणि मोठ्या दुर्घटनेचे मुद्रण आपोआप राखून ठेवले जाईल की नाही, हे नियम साधे कारकुनी स्वरूपाचे दिसतात. पण उद्याचा इतिहास त्यांवर अवलंबून आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत स्वतःचाच अनुभव मार्गदर्शक आहे. पेशव्यांचे दप्तर दीर्घकाळ संशोधकांना बंद होते. त्यातील हेरांची पत्रे, छावण्यांचे हुकूम व गुप्त सल्लामसलती आपापल्या काळी अत्यंत गोपनीय होत्या. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाची मांडणी नव्या पायावर करता आली. ते कागद त्या त्या दिवशी झाकून ठेवले यात गैर काही नव्हते. ते जाळले असते तर मात्र हानी कायमची झाली असती. नियंत्रण कक्षातील आजचा आवाज हा उद्याच्या दप्तरातील कागद आहे, आणि तो कुलपात ठेवण्याची तरतूद करणाऱ्या राज्याने तो टिकविण्याची तरतूदही त्याच नेटाने केली पाहिजे.